शाळेचा उंबरठा आणि घराची भाषा

शाळेचा उंबरठा मूल दररोज ओलांडते. त्याचे आईवडील मात्र तो वर्षातून दोन-तीनदाच ओलांडतात, आणि तेही बहुधा शाळेची चिठ्ठी हाती पडल्यावर. या भेटीला आपण पालकसभा म्हणतो. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची, गुण सांगायचे, तक्रार असल्यास कानावर घालायची आणि पुढच्या पालकाला बोलवायचे, असे तिचे रूप सर्वत्र रूढ झाले आहे. शिक्षक आणि पालक एकाच बोलीचे व एकाच रीतिरिवाजाचे असतील, तर एवढ्याशा भेटीतही पुष्कळ काही सांगून होते. न बोललेलेही समजते. परंतु घराची भाषा एक आणि शाळेची दुसरी, घरातले मानापमानाचे संकेत एक आणि शाळेतले दुसरे, असे जेथे असते तेथे दोन्ही बाजू मान हलवतात आणि दोन्ही बाजूंना काहीच कळलेले नसते.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांपुढे हा प्रश्न आज उभा आहे. वसई-पालघरच्या पट्ट्यातील एखाद्या वर्गात सामवेदी बोलणारे, वाडवळी बोलणारे, कोळीवाड्यातून येणारे, वारली पाड्यावरून येणारे आणि पोटापाण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार वा दक्षिणेतून आलेल्या कुटुंबातले मूल एकाच बाकावर बसलेले आढळते. हा प्रसंग आपल्यावरच प्रथम आला आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः ख्रिस्ती समाजाने तो अन्यत्र सव्वाशे वर्षांपूर्वीच अनुभवला, त्यात ठेचा खाल्ल्या आणि त्यातून काही मार्गही काढला. त्या अनुभवाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

बाल्टिमोरचा निर्णय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंड, जर्मनी, पोलंड आणि इटली या देशांतून लक्षावधी कॅथलिक कुटुंबे अमेरिकेत उतरली. त्यांच्या मुलांनी शिकायचे कोठे, हा तेथील महागुरूंपुढचा मोठाच प्रश्न होता. सरकारी शाळा नावाला सर्वांच्या होत्या, पण त्यांचे वातावरण प्रॉटेस्टंट वळणाचे होते. १८८४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात बाल्टिमोर येथे भरलेल्या तिसऱ्या प्रांतव्यापी परिषदेने असा निर्णय दिला की, प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत धर्मग्रामाची शाळा उभी राहावी आणि पालकांनी आपली मुले तिच्यात पाठवावीत.

या शाळांपैकी अनेक शाळा त्या त्या समाजाच्या भाषेत चालत. जर्मन वस्तीत जर्मन, पोलिश वस्तीत पोलिश. पोलंडमधील फेलिशियन धर्मभगिनी १८७४ साली विस्कॉन्सिन राज्यात आल्या, त्या याच कामासाठी. वर्गात शिकवणारी सिस्टर आणि चुलीपाशी राबणारी आई यांची भाषा एकच असल्यामुळे पालकसभा नावाचा वेगळा सोपस्कार करण्याची तेथे फारशी गरज पडत नसे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर जे बोलणे होई, तीच पालकसभा.

पण या सोयीला एक मर्यादा होती. मूल वस्तीच्या भिंतीआडच वाढे आणि भिंतीबाहेरचे जग तर इंग्रजीचे होते. १८८९ साली विस्कॉन्सिन राज्याने बेनेट कायदा करून शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे केले. जर्मन कॅथलिक आणि जर्मन ल्यूथरन एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. या कायद्याविरुद्ध मात्र ते एकत्र आले आणि १८९१ मध्ये तो रद्द झाला. पुढे ऑरेगन राज्याने १९२२ साली सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालावे असा कायदा केला. तेव्हा येशू आणि मरिया यांच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनींनी न्यायालयाचे दार ठोठावले. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. मूल ही सरकारची मालमत्ता नसून त्याला वाढवण्याचा अधिकार व कर्तव्य त्याचे पालनपोषण करणाऱ्यांचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या आपल्या शिक्षणविषयक परिपत्रात या निकालाचा आदराने उल्लेख केला आहे.

त्याच काळात पालक आणि शिक्षक यांना एकत्र आणणारी चळवळही त्या देशात मूळ धरत होती. ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन स्त्रियांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय सभा बोलावली. आज जगभर परिचित असलेल्या पालक-शिक्षक संघाचा उगम तेथे आहे. परंतु दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळाच निराळ्या होत्या. म्हणून सेलीना स्लोन बटलर या शिक्षिकेच्या पुढाकाराने १९२६ साली कृष्णवर्णीय पालकांचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ स्थापन झाला. दोन्ही संघ एक व्हायला १९७० साल उजाडावे लागले. मुलांच्या कल्याणासाठी जमलेल्या आईबापांमध्येही एवढी उंच भिंत उभी राहू शकते, हे विसरण्याजोगे नाही.

आव्हिल्यानोचा मुलगा

या इतिहासातील आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटणारे चरित्र लिओनार्ड कोव्हेलो यांचे आहे. दक्षिण इटलीतील आव्हिल्यानो या डोंगराळ गावी १८८७ साली त्यांचा जन्म झाला. वडील आधीच अमेरिकेला गेले होते. १८९६ मध्ये आई मुलांना घेऊन त्यांच्यामागे न्यूयॉर्कला पोहोचली आणि कुटुंब पूर्व हार्लेममधील इटालियन वस्तीत राहू लागले.

या वस्तीतील ११५ व्या रस्त्यावर कार्मेल माउलीचे मंदिर आहे. ते बांधण्यासाठी इटालियन मजुरांनी दिवसाची मजुरी आटोपून रात्री श्रमदान केले. असे असूनही कित्येक वर्षे त्यांना मिस्सेसाठी वरच्या मंदिरात स्थान नव्हते. त्यांची उपासना खालच्या तळघरात होई. त्यांचे सण, त्यांच्या मिरवणुका, त्यांचे मोठ्याने रडणे-हसणे आयरिश वळणाच्या धर्मगुरूंना रुचत नसे. आपल्याच श्रमाने उभ्या राहिलेल्या देवाच्या घरात ज्यांना तळघर दाखवण्यात आले, त्या माणसांनी सरकारी शाळेत ताठ मानेने प्रवेश करावा, अशी अपेक्षा करणे कठीण होते.

कोव्हेलो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात बालपणाचे दोन प्रसंग सांगितले आहेत. त्यांचे मूळ आडनाव कोव्हिएल्लो. शिक्षिकेला ते उच्चारायला अवघड वाटले, म्हणून तिने मधले एक अक्षर गाळून टाकले. प्रगतिपुस्तक घरी आले तेव्हा वडिलांना तो आपल्या कुळाचा अवमान वाटला. मुलाला त्यात काहीच विशेष वाटले नाही. शाळेत तेच चालते, एवढे त्याला ठाऊक होते. दुसरा प्रसंग ओटच्या भरडीचा. शाळेने मुलांबरोबर ती घरोघर पाठवली. हेतू चांगलाच होता. वडिलांनी पिशवी उघडून पाहिली आणि ते संतापले, कारण त्यांच्या मते ते जनावरांना घालायचे खाद्य होते. शाळेला वाटले आपण उपकार केला, घराला वाटले आपला अपमान झाला. दोघांनी एकमेकांना काहीच विचारले नाही, कारण विचारायला सामायिक भाषाच नव्हती. या दोहोंच्या मध्ये उभे असलेले मूल इंग्रजी शिकत होते आणि इंग्रजीबरोबर घराची लाजही शिकत होते. आईवडिलांनी शाळेत येऊ नये यासाठी आपण आणि आपले सवंगडी किती जपत असू, हेही कोव्हेलो यांनी नमूद करून ठेवले आहे.

शिक्षक झाल्यावर कोव्हेलो यांनी ही कोंडी उलट्या बाजूने फोडली. डीविट क्लिंटन हायस्कूलमध्ये शिकवत असताना त्यांनी इटालियन भाषेला शाळेत मान मिळावा म्हणून खटपट केली आणि १९२२ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने तिला इतर युरोपीय भाषांच्या बरोबरीचे स्थान दिले. १९३४ साली पूर्व हार्लेममध्ये मुलांसाठी बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल निघाले. त्याचे ते पहिले मुख्याध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्या शाळेत इटालियन होते, कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोहून आलेले होते आणि इतर अनेक देशांचे होते. शाळेची दारे संध्याकाळी उघडी राहत, कारण दिवसभर राबणाऱ्या बापाला सकाळी दहाला बोलावून तो येणार नाही, हे मुख्याध्यापकांना स्वतःच्या घरावरून ठाऊक होते. पालकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी माणसे शाळेत असत. वस्तीतील रिकामी दुकाने भाड्याने घेऊन तेथे शाळेच्या बैठका भरत. शाळेच्या इमारतीची धास्ती बाळगणारा माणूस शेजारच्या दुकानात मात्र सहज पाऊल टाकतो. शिवाय मुख्याध्यापक स्वतः त्याच वस्तीत राहत आणि लोकांच्या घरी जात.

त्यांच्या कामाचा गाभा मात्र वेगळ्याच गोष्टीत होता. १९४४ साली त्यांनी दक्षिण इटलीतील कुटुंबसंस्था आणि शाळा यांवर विस्तृत प्रबंध लिहिला. इटालियन आईबाप मुलांच्या शिक्षणाविषयी बेफिकीर आहेत, असा अमेरिकन शिक्षकांचा समज होता. कोव्हेलो यांनी दाखवून दिले की, ही बेफिकिरी नव्हेच. दक्षिणेकडील शेतकऱ्याच्या दृष्टीने 'एदुकातो' म्हणजे पुस्तके वाचलेला नव्हे, तर घरात चांगले वळण लागलेला मुलगा. वळण लावणे हे घराचे काम. शाळेने अक्षरे शिकवावीत. बारा वर्षांचा मुलगा घराला हातभार लावू लागला पाहिजे, हा त्या गरिबीतला धर्म. अमेरिकन शाळेने त्याच मुलाला आणखी काही वर्षे बाकावर बसवून ठेवले, तेव्हा बापाला वाटले की, हाताशी आलेला मुलगा कोणीतरी काढून घेतला. सभेत शिक्षिका गुणांविषयी बोले, आईला मात्र विचारायचे असे की, माझा मुलगा मोठ्यांचा मान राखतो ना? दोघीही त्याच मुलाच्या हिताचे बोलत होत्या, पण एकीचा प्रश्न दुसरीच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हता.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. 'शिकलेला' आणि 'वळण असलेला' हे दोन शब्द आपल्याही घरांत वेगवेगळे वापरले जातात, आणि पहिल्यावाचून दुसरा चालतो, दुसऱ्यावाचून पहिला चालत नाही, असे आपल्या आजीचे मत असते.

या कामाने पूर्व हार्लेममध्ये नंदनवन अवतरले असे मात्र नाही. १९४५ च्या शरद ऋतूत फ्रँकलिनच्या आवारात इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांत मारामारी झाली आणि वृत्तपत्रांनी तिला वांशिक दंगलीचे रूप दिले. गायक फ्रँक सिनात्रा यांना शाळेत बोलावून मुलांची समजूत घालावी लागली. परंतु अशा वेळी ज्यांना बोलवायचे ते पालक शाळेला आधीपासून परिचित होते, ही अकरा वर्षांची कमाई होती.

बार्बियानाचे पत्र

परक्या देशात गेल्यावरच घर आणि शाळा यांच्यात दरी पडते असे नाही. एकाच देशात, एकाच धर्मात, एकाच भाषेचे म्हणवणाऱ्या लोकांतही ती पडते. हे जगाला दाखवून दिले ते एका धर्मगुरूने. फादर लोरेन्झो मिलानी यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्समधील एका सधन, विद्याव्यासंगी घरात झाला. त्यांची १९५४ च्या डिसेंबरात बार्बियाना या डोंगरातल्या धर्मग्रामावर नेमणूक झाली. तेथे नीट रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि वस्ती मूठभर शेतकऱ्यांची होती. सरकारी शाळेतून नापास होऊन परतलेली मुले त्यांनी आपल्या निवासात गोळा केली आणि वर्षाचे सगळे दिवस चालणारी शाळा उघडली.

या शाळेतल्या आठ मुलांनी फादर मिलानी यांच्या मार्गदर्शनाखाली एका शिक्षिकेला उद्देशून पत्र लिहिले. ते १९६७ च्या मे महिन्यात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात, २६ जून रोजी, फादर मिलानी दीर्घ आजाराने निवर्तले. हे पुस्तक मराठीतही 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. पत्र शिक्षिकेला असले तरी पुस्तक आपण पालकांसाठी लिहिले आहे, असे ती मुले प्रारंभीच स्पष्ट करतात. शाळेने नापास केलेली मुले बहुतांशी शेतकऱ्यांची व कामगारांची होती, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्याहून मर्मभेदक आहे ते त्यांनी केलेले गरीब आईबापांचे वर्णन. डॉक्टरच्या मुलाला कमी गुण मिळाले तर त्याचे वडील शिक्षिकेशी बरोबरीने बोलतात. शेतमजुराच्या मुलाला कमी मिळाले तर त्याची आई शिक्षिकेचेच खरे मानते आणि घरी येऊन मुलालाच मठ्ठ ठरवते. शाळेकडूनही काही राहिले असेल, अशी शंकासुद्धा तिला शिवत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात असेच एक जोडपे आपल्याला भेटते. जन्मांध मुलाला दृष्टी मिळाली, आणि अधिकाऱ्यांनी त्याच्या आईवडिलांना जबानीसाठी बोलावले. मुलगा आमचाच आणि तो आंधळाच जन्मला, एवढे ते कबूल करतात. त्यापलीकडे बोलण्याची त्यांची छाती होत नाही. तो प्रौढ आहे, त्यालाच विचारा, असे म्हणून ते बाजूला होतात. ते भीत होते, असे शुभवर्तमानकार कारण देतो. आयुष्यातील सर्वांत मोठ्या आनंदाच्या दिवशीही ज्यांना आनंद बोलून दाखवता आला नाही, असे हे आईबाप. टेबलापलीकडे रजिस्टर उघडून बसलेल्या शिक्षकापुढे आजही ते उभे असतात. त्यांच्या मौनाचा अर्थ 'यांना मुलाची पर्वाच नाही' असा लावला जातो.

फादर मिलानी यांना हयातीत वरिष्ठांची मर्जी लाभली नाही. तथापि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाला गेले आणि त्यांच्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली.

घरातले ज्ञान

या इतिहासातील आणखी एक पाऊल अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात पडले. लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवले होते. जाताना अट एकच: शिकवायला जायचे नाही, शिकायला जायचे. शिक्षक घरी गेले आणि त्यांना आढळले की, ज्यांना आपण अडाणी समजत होतो त्या घरांत शेतीचे, गुराढोरांचे, बांधकामाचे, यंत्रदुरुस्तीचे, औषधी वनस्पतींचे आणि व्यापाराचे ज्ञान साठलेले आहे. एक मुलगा सीमेपलीकडून मेक्सिकन मिठाई आणून विकत असे. त्या धाग्यावरून शिक्षिकेने वर्गात मिठाईवरच धडे रचले, आणि एका आईने वर्गात येऊन सर्वांसमोर मिठाई करून दाखवली. त्या दिवशी ती शाळेत तक्रार ऐकायला आलेली नव्हती, शिकवायला आलेली होती. असा एक दिवस गेल्यावर पुढच्या पालकसभेत ती बोलणारच.

ख्रिस्तसभेचा नियम

आता आपल्या घरचा दस्तऐवज पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र प्रसिद्ध केले. आईवडील हेच मुलांचे आद्य आणि प्रमुख शिक्षक होत, हा त्याचा पाया आहे, आणि शिक्षकांनी आपले काम पालकांच्या सहकार्याने करावे, असे त्यात सांगितले आहे. हा विचार १९८३ च्या कॅनन कायद्याच्या संहितेत नियमाच्या रूपाने आला. तिचे ७९६ वे कलम म्हणते ते असे: मुलांना घडवण्याच्या कामी शाळा हे आईवडिलांचे प्रमुख साहाय्य होय. पालकांनी शिक्षकांशी निकटचे सहकार्य करावे. शिक्षकांनीही पालकांशी सहकार्य करून त्यांचे म्हणणे मनापासून ऐकून घ्यावे. पालकांचे संघ वा सभा स्थापन कराव्यात आणि त्यांना मोठे महत्त्व द्यावे.

या कलमात पालकसभा हा शाळेचा उपक्रम नाही, तो ख्रिस्तसभेचा नियम आहे. शिवाय त्यात नात्याची दिशा ठरवून दिलेली आहे. शाळा ही घराचे साहाय्य आहे. घर ही शाळेची शाखा नव्हे. मग दोघांच्या भाषा वेगळ्या असतील तर दोन पावले पुढे कोणी यायचे, हेही ठरलेलेच आहे. ज्याने मदतीचा हात पुढे केला, त्यानेच समोरच्याची भाषा शिकावी.

देशाच्या कायद्यानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने, विनाअनुदानित शाळा वगळून, शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ते कलम सांगते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्वाळा दिला. या निकालाचा फेरविचार व्हावा असे त्याच न्यायालयाच्या एका पीठाने २०२५ साली सुचवले. आपल्या संस्थांची स्वायत्तता घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेली आहे आणि ती जपलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु एक प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारायला हवा. सरकारी शाळेत वारली पाड्यावरच्या आईला समितीत खुर्ची मिळते, आणि धर्मग्रामाच्या शाळेत तिला दारातच चिठ्ठीवर अंगठा उमटवून परत पाठवले जाते, असे झाले तर आपण स्वायत्तता कशासाठी मागितली? सरकारचा कायदा आपल्याला लागू असो वा नसो, ७९६ वे कलम लागू आहेच.

आपल्या अंगणात

या इतिहासातून काही गोष्टी सरळ निघतात, आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. कातकरी आणि वारली कुटुंबांतील पुष्कळ जण दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत सभा ठेवून ते आले नाहीत म्हणून नावे ठेवण्यात अर्थ नाही. भाताची लावणी चालू असताना शेतकरी येणार नाही. कोळी बांधव १ जूनपासून मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत घरी असतात. शाळा जूनमध्ये उघडते, तीच त्यांना भेटण्याची वेळ. मासळी विकणाऱ्या आईला सकाळी बोलावणे म्हणजे तिची दिवसाची कमाई बुडवणे होय.

दुसरी गोष्ट दुभाष्याची. आईला मराठी वा इंग्रजी येत नाही म्हणून तिच्याच मुलाला मध्ये उभे करून बोलणे, हा प्रकार सर्रास चालतो. मुलगा चतुर असेल तर स्वतःविषयीची तक्रार तो गोड करून सांगेल. हसण्यासारखी गोष्ट आहे. पण त्यापुढे जे घडते ते हसण्यासारखे नाही. आईचे तोंड मुलाच्या हाती जाते आणि तिचा मान त्या क्षणी मुलाच्या डोळ्यांदेखत उतरतो. आपल्या धर्मग्रामात हिंदी, तमिळ, मल्याळम, वारली बोलणारी प्रौढ माणसे असतात. तासाभरासाठी त्यांतल्या एखाद्या बाईला बोलावणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट नावाची. मुलाचे नाव आणि आडनाव घरी जसे उच्चारतात तसे शिक्षकाने एकदा आईवडिलांकडून ऐकून घ्यावे. कोव्हिएल्लो घराण्याचे एक अक्षर गळाले, आणि त्याची खंत त्या बापाला लागून राहिली.

चौथी गोष्ट क्रमाची. बोलणे गुणांपासून सुरू करू नये. मूल घरी काय करते, कोणाचे ऐकते, त्याला काय आवडते, त्याच्याविषयी तुमची इच्छा काय, हे आधी विचारावे. ज्या आईला गणितातले काही कळत नाही तिलाही या प्रश्नांची उत्तरे येतात, आणि ती शिक्षकाला ठाऊक नसतात. आपण काही देऊ शकतो हे एकदा तिला जाणवले की, शिक्षकाचे कटू बोलणेही ती घ्यायला तयार होते. उणे सांगूच नये असा याचा अर्थ नाही. पण उणे सांगताना आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये, एवढेच.

पाचवी गोष्ट पायपिटीची. धर्मगुरू घरे आशीर्वादित करायला घरोघर जातात. त्या वेळी कोणाच्या घरात अभ्यासाला दिवा नाही, कोणाची आई आजारी आहे, कोणाचा बाप दूर कामाला गेला आहे, हे आपसूक कळते. शिक्षकानेही वर्षातून एकदा आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी जावे. सगळ्यांच्या घरी जाणे जमत नसेल तर जे पालक कधीच सभेला येत नाहीत, त्यांच्या घरापासून सुरुवात करावी. तेथे मिळेल तो चहा घ्यावा आणि पाटावर बसावे.

हे सर्व केल्याने प्रत्येक मूल पहिला क्रमांक पटकावील, असे कोणी समजू नये. पूर्व हार्लेममध्ये तसे झाले नाही, बार्बियानातही झाले नाही. पण मुलाला आपल्या आईची लाज वाटू नये, एवढे तरी शाळेच्या हाती निश्चित आहे. येत्या जूनमध्ये आपल्या शाळांचे दरवाजे पुन्हा उघडतील. पहिल्या पालकसभेची चिठ्ठी लिहिण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी वर्गाचा पट समोर घेऊन एकदा बसावे. यांतल्या किती घरांत ही चिठ्ठी वाचता येईल, ते मोजावे. ज्या घरांत ती वाचता येणार नाही तेथे चिठ्ठी पाठवण्याऐवजी कोणी माणूस पाठवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.